प्रोस्टेट वाढल्यावर ऑपरेशन कोणते आणि कोणासाठी? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, हिच्याविषयी आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत. मूत्रविकार शल्यतज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून उपचार करणारे तज्ज्ञ) यांनी मिळून ती लिहिली आहेत. औषधांची नावे आणि डोस समजण्यासाठी दिले आहेत. चालू गोळी स्वतःहून बंद करू नये किंवा बदलू नये.

प्रश्न : माझे वय ६७. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅम, ‘ग्रेड दोन’, आणि लघवी करून आल्यावर १४० मिली शिल्लक असे आले. धार बरी आहे, पण रात्री तीनदा उठावे लागते. शेजारचे गृहस्थ म्हणतात, आत्ताच लेझर करून टाका, पुढे झेपणार नाही. काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून लेझरची गरज दिसत नाही. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, त्यामुळे ४८ हा आकडा वाचून धास्ती वाटते. पण त्रास वजनावर ठरत नाही. ३० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग वाढून मूत्राशयाच्या तोंडाशी आला की लघवी अडते. उलट ९० ग्रॅमची ग्रंथी बाहेरच्या अंगाला वाढली, तर माणसाला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. रिपोर्टमधली ‘ग्रेड’ फक्त आकार सांगते. ऑपरेशनचा निर्णय तिच्यावरून घेत नाहीत.

शिल्लक १४० मिलीचा आकडा पुन्हा तपासून घ्या. सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पाजतात आणि बराच वेळ थांबवून ठेवतात. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेले की ते एका दमात रिकामे होत नाही. त्यात दाराबाहेर रांग असते आणि माणूस घाईत उरकतो. नेहमीसारखी लघवीची भावना झाल्यावर, निवांत लघवी करून लगेच मोजले तर हाच आकडा ४० वर आलेला आढळतो. त्याच वेळी युरोफ्लोमेट्री करून घ्या. या यंत्रात लघवी केली की धारेचा वेग कागदावर उमटतो. निदान १५० मिली लघवी झाली नसेल तर तो आलेख ग्राह्य धरू नये. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग असेल तर अडथळ्याची शक्यता कमी. १० च्या खाली असेल तर एक तर वाट अडली आहे किंवा मूत्राशयाचा स्नायू थकला आहे. या दोहोंतले नेमके काय, हे एकटी युरोफ्लोमेट्री सांगू शकत नाही.

तुमचा खरा त्रास रात्रीचा आहे. त्यासाठी तीन दिवस वही ठेवा. खुणा असलेल्या प्लास्टिकच्या मगात प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह लिहा. झोपल्यापासूनची सगळी लघवी, सकाळी उठल्यावरची पहिली धरून, २४ तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भरली, तर शरीर रात्री लघवी जास्त तयार करते आहे. त्याची कारणे संध्याकाळचा चहा, जेवणातले मीठ, पायांवरची सूज, घोरताना श्वास अडणे, साखर, किंवा उशिरा घेतलेली लघवीची गोळी अशी असतात. अशा माणसाचे प्रोस्टेट कितीही उत्तम काढले तरी तो रात्री तीनदा उठतोच, आणि मग ‘ऑपरेशन फसले’ म्हणतो.

सात प्रश्नांची आयपीएसएस ही प्रश्नावली डॉक्टरांकडे मिळते. तिचे एकूण ३५ गुण असतात. ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यापुढे तीव्र. सौम्य त्रासात औषधही लागत नाही. पण गुण कितीही असोत, लघवी पुन्हा पुन्हा तुंबणे, मूत्राशयात खडा होणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, वारंवार रक्त जाणे, किंवा मूत्रपिंडांना सूज येऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढणे यांपैकी काही प्रोस्टेटमुळे होत असेल तर ऑपरेशन लांबवू नये. ‘पुढे झेपणार नाही’ ही भीती याच रुग्णांच्या बाबतीत खरी असते. त्यांचे मूत्राशय वर्षानुवर्षे जोर लावून निकामी होते आणि मग वाट मोकळी करूनही लघवी बाहेर ढकलायला ताकद उरत नाही.

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे, नाशिकला असतात. प्रोस्टेट ६० सीसी. टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ दोन वर्षे चालू आहे, पण उठताना चक्कर येते. इकडे रेझूम आणि युरोलिफ्टबद्दल बरेच ऐकले. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात येणार आहे, तेव्हा करून घ्यावे का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चक्कर आधी मिटवा. बाबांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा आणि उभे केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर दोष टॅमसुलोसिनचा, म्हणजे लघवीची वाट सैल करणाऱ्या गोळीचा, असू शकतो. ती रोज एकाच जेवणानंतर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली की रक्तात एकदम चढते. सोबत रक्तदाबाची गोळी असेल तर दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल सांगायलाच हवे. तिच्यामुळे बुबुळ सैल पडते आणि ऐन शस्त्रक्रियेत अडचण येते. आदल्या दिवशी गोळी बंद केल्याने हा परिणाम जात नाही.

आता उपचारांकडे वळू. रेझूम आणि युरोलिफ्ट दोन्ही साधारण ३० ते ८० सीसीच्या (सीसी आणि ग्रॅम इथे जवळपास सारखेच) ग्रंथीसाठी आहेत, म्हणजे आकाराने बाबा बसतात. पुढचा प्रश्न ग्रंथीचा मधला भाग वाढला आहे का हा, आणि ते सोनोग्राफीच्या कागदावर बहुधा लिहिलेले नसते. त्यासाठी लवचिक दुर्बिणीने मूत्रमार्ग आतून पाहावा लागतो. जिथे हे न पाहता थेट तारीख देतात, तिथे तारीख घेऊ नका.

युरोलिफ्टला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता २०१३ ची. यात काही कापत नाहीत. प्रोस्टेटचे दोन बाजूंचे भाग छोट्या टाचण्यांनी बाहेरच्या अंगाला ओढून धरतात. टाचणीचे बाहेरचे टोक निटिनॉल या मिश्रधातूचे, आतले स्टेनलेस स्टीलचे आणि मध्ये पॉलिस्टरचा धागा असतो. बहुधा चार ते सहा टाचण्या लागतात. बरेच जण नळीशिवाय त्याच दिवशी घरी जातात आणि वीर्यस्खलन शाबूत राहते. उणे बाजू अशी : मधला भाग वाढून अडवत असेल तर नेहमीच्या पद्धतीने उपयोग होत नाही. टाचणी मूत्राशयाच्या फार जवळ बसली तर तिच्यावर क्षार साचून खडा होतो. शिवाय ऊती जागच्या जागी राहतात. मूळ अमेरिकी चाचणीत पाच वर्षांत १३.६ टक्के रुग्णांना पुन्हा काही ना काही करावे लागले. टाचण्या असताना एमआरआय ठरावीक अटींवर होतो, म्हणून त्यांचे कार्ड पाकिटात ठेवावे.

रेझूममध्ये पाण्याची वाफ वापरतात. दुर्बिणीतून बारीक सुई ग्रंथीत खुपसून प्रत्येक जागी ९ सेकंद, सुमारे १०३ अंश सेल्सियसची वाफ सोडतात. वाफ ऊतींत शिरून पुन्हा पाणी होते आणि त्या वेळी सुटणाऱ्या उष्णतेने पेशी मरतात. साधारण सेंटिमीटरभर अंतर ठेवून टोचतात आणि मधल्या भागातही वाफ देता येते. प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे असते. खरा कस नंतर लागतो. मेलेली ऊती आधी सुजते, म्हणून तीन ते सात दिवस, कधी जास्त, नळी ठेवावी लागते. दोन-तीन आठवडे जळजळ, घाई, थोडे रक्त आणि ऊतींचे तुकडे जाणे चालते. शरीर ती ऊती हळूहळू शोषून घेते, त्यामुळे पूर्ण फरक तीन महिन्यांनी दिसतो. पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्यांचे प्रमाण मूळ चाचणीत ४.४ टक्के होते.

आयटिंड हा आणखी एक पर्याय. यात वाट रुंद करण्यासाठी निटिनॉलचा साचा पाच ते सात दिवस आत ठेवून काढून घेतात. तोही मधला भाग वाढलेला नसलेल्या, जेमतेम ७५ सीसीपर्यंतच्या ग्रंथीपुरता आहे.

आमचे मत विचाराल, तर ६० सीसीच्या ग्रंथीत रेझूम युरोलिफ्टपेक्षा जास्त पटतो. पण तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसवू नका. तुम्ही असाल तोवर बाबांचे सर्वांत वाईट दिवस चालू असतील आणि तुम्ही विमानात बसाल तेव्हा नुकता उतार पडू लागलेला असेल. नळी निघाल्यावर लघवी पुन्हा तुंबली तर रात्री दवाखान्यात नेणारे माणूस घरात हवे. भारतात हे दोन्ही उपचार मोठ्या शहरांतल्या मोजक्याच रुग्णालयांत होतात आणि एकदाच वापरायच्या साधनामुळे महाग पडतात. ‘महिन्याला किती करता?’ हे विचारायला संकोचू नका. बाबांचे आरोग्य भूल सोसण्याजोगे असेल आणि एकदाच काम व्हावे अशी त्यांची इच्छा असेल, तर होलेप, म्हणजे होल्मियम लेझरने आतला वाढलेला गाभा कवचापासून सोलून काढण्याची शस्त्रक्रिया, टिकाऊपणात या दोहोंच्या पुढे आहे. एक-दोन दिवसांत नळी निघते.

प्रश्न : आमचे हे ७८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. दोन महिन्यांपासून लघवीची नळी आहे, दोनदा काढून पाहिली, पण लघवी झाली नाही. प्रोस्टेट ११० ग्रॅम. एक डॉक्टर ऑपरेशनला नको म्हणतात, दुसरे म्हणतात की मांडीतून तार घालून प्रोस्टेटचे रक्त बंद करू. यात जिवाला धोका आहे का? — एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. स्टेंट नवा असताना क्लोपिडोग्रेल थांबवले तर त्यात गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणून टाळता येणारी शस्त्रक्रिया निदान सहा महिने, आणि स्टेंट झटक्यानंतर बसवला असेल तर शक्यतो वर्षभर पुढे ढकलतात. गोळ्या कोणत्या तारखेपासून, किती दिवस थांबवता येतील, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी निरोपावर काही करू नका.

दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचाराला प्रोस्टेटिक आर्टरी एम्बोलायझेशन, थोडक्यात पीएई म्हणतात. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या डॉ. फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले पहिले दोन रुग्ण तुमच्या यजमानांसारखेच, लघवी तुंबून नळीवर असलेले होते. उपचारांची पारख करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये या उपचाराला नेहमीच्या वापरासाठी हिरवा कंदील दिला. आता हा प्रयोग राहिलेला नाही.

आधी क्रिएटिनिन तपासतात, कारण यात आयोडिनचे रंगद्रव्य लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. मग सीटी अँजिओग्राफीने ओटीपोटाच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतात. या वयात त्या वेड्यावाकड्या आणि चुन्याने कडक झालेल्या असतात. काम फसते ते बहुतेक इथेच. प्रत्यक्ष उपचार जागेवर बधिर करून होतो. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून प्रोस्टेटच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि ३०० ते ५०० मायक्रॉनचे कण सोडून तिचा प्रवाह थांबवतात. मग दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही बाजू झाल्या तरच पुरेसा उपयोग होतो. एकच झाली तर फायदा कमी आणि कमी टिकाऊ. दीड ते तीन तास सपाट झोपून राहावे लागते, तेव्हा कंबरदुखी किंवा दम लागत असेल तर आधी सांगा.

धोका म्हणाल, तर कण भलत्या फांदीत जाण्याचा. प्रोस्टेटची रक्तवाहिनी मूत्राशय, गुदाशय आणि शिश्नाच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेली असते. कण तिकडे गेले तर जखम होऊ शकते. ती बहुतेकदा आपोआप भरते. हे टाळण्यासाठी कण सोडण्याआधी टेबलावरच कोन-बीम सीटी, म्हणजे क्ष-किरण यंत्र भोवती फिरवून घेतलेले सीटी चित्र, करतात. तुमच्या रुग्णालयात ती सोय आहे का, हे जरूर विचारा. आठवडाभर जळजळ, ओटीपोटात दुखणे आणि बारीक ताप हे अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप, शौचातून सतत रक्त किंवा शिश्नाच्या टोकावर काळा डाग दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

नळी लगेच निघणार नाही. ग्रंथी आकसायला वेळ लागतो, म्हणून दोन आठवड्यांनी पहिला प्रयत्न, नाही जमले तर आणखी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. पहिल्या अपयशाने खचू नका. मात्र वाट जितकी कापून मोकळी होते, तितकी ही होत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत वर्षभरानंतर आयपीएसएस गुण टीयूआरपीने, म्हणजे नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनने, १५ ने उतरले आणि पीएईने १० ने. ७८ वर्षांच्या, नव्या स्टेंटच्या माणसाला ते १० पुरेसे आहेत. आणि हृदयरोगतज्ज्ञांनी वर्षभराने परवानगी दिली, तर ११० ग्रॅमची ग्रंथी होलेपने तेव्हाही काढता येते. एकट्या ॲस्पिरिनवर ती शस्त्रक्रिया होऊ शकते.

तोपर्यंत नळी नीट सांभाळा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू न देता. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, नाहीतर ओढ बसून मूत्रमार्गाला जखम होते. साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत बदलतात. ताप, दुखणे असे काही नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके देऊ नका. नळी असलेल्या प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच, आणि उगाच दिलेल्या गोळ्यांनी ते औषधाला दाद न देणारे होतात. खरी गरज पडेल तेव्हा हे फार महागात पडते.

प्रश्न : वय ६१. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पती-पत्नी संबंध संपतात असे ऐकले. खरे आहे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. ताठरता पूर्वी होती तशीच बहुतेकांची राहते. बदलते ते वीर्य. टीयूआरपी किंवा होलेपनंतर दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त पुरुषांत ते बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. सुख होते, अपाय नसतो, पण मूल हवे असेल तर अडचण येते. टॅमसुलोसिन आणि त्याहून जास्त सिलोडोसिन या गोळ्यांनीही असे होते. गोळी थांबवल्यावर ते पूर्ववत होते. तुम्हाला हे महत्त्वाचे असेल तर डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा, कारण युरोलिफ्ट किंवा रेझूम निवडण्याचे ते एक मोठे कारण आहे. आपण विचारले नाही तर हा विषय निघतच नाही.

प्रश्न : मामंजींची लघवी तुंबली, नळी घातली, आणि तिसऱ्या दिवशी पीएसए ११ आला. ते फिनास्टेराइड वर्षभर घेत आहेत. घरात सगळे घाबरले आहेत. — एक वाचक, नागपूर

उत्तर : पीएसए ही प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी असून कर्करोगाची शंका पाहण्यासाठी ती करतात. तुंबलेली लघवी, नळी आणि जंतुसंसर्ग, तिन्हींनी पीएसए चढतो. साधारण सहा आठवडे थांबून पुन्हा तपासा. मात्र फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळ्या सहा महिन्यांहून अधिक घेतल्या असतील तर आकडा दुप्पट धरायचा असतो, कारण या गोळ्या तो निम्म्यावर आणतात. रिपोर्टमध्ये ३ आला तर तो ६ समजा आणि डॉक्टरांना ही गोळी आठवणीने सांगा.

तोवर कोणत्याही ऑपरेशनची घाई नको. टीयूआरपी किंवा होलेपमध्ये निघालेली ऊती तपासणीला जाते. रेझूम, पीएई, युरोलिफ्ट आणि वाफ करून टाकणाऱ्या लेझरमध्ये तपासायला काहीच हाती येत नाही. तेव्हा कर्करोगाची शंका असेल तर बोटाने तपासणी, एमआरआय आणि लागल्यास बायोप्सी हे सारे आधी व्हायला हवे.

प्रश्न : टीयूआरपी होऊन सोळा दिवस झाले. सगळे छान होते, काल एकदम लाल लघवी झाली. टाका निघाला का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : यात टाके नसतात. आतली जखम भरताना तिच्यावर खपली धरते आणि दहा दिवस ते तीन आठवड्यांत ती सुटते, तेव्हा असे रक्त जाते. आडवे व्हा, दर तासाला पेलाभर पाणी प्या, एक-दोन दिवसांत रंग फिका व्हायला हवा. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर आधी फोन करा. गुठळ्या पडू लागल्या, धार थांबली किंवा ताप आला तर लगेच रुग्णालयात जा. गुठळी वाट बंद करते आणि ती नळीने धुवून काढावी लागते.

सहा आठवडे जड उचलणे, दुचाकी, खड्ड्यांतून रिक्षाचा प्रवास आणि शौचाला जोर करणे टाळा. बद्धकोष्ठ असेल तर रात्री इसबगोल घ्या. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू केली असेल तर आजच डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : खर्चाची सोय काय? वडील ७४ वर्षांचे आहेत. — एक वाचक, जालना

उत्तर : ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून घेतले आहे. आधार कार्डावर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला एवढेच विचारा : नेमके कोणते ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे, लेझर त्यात धरले आहे का, आणि वेगळे साहित्य बाहेरून आणावे लागेल का? उत्तर भरती होण्याआधी घ्या.

प्रश्न : सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवी पूर्ण बंद झाली. असे का होते? वय ७०, प्रोस्टेटची गोळी चालू. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांतले फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळते आणि सोबतचे क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करते. औषधांच्या दुकानात सर्दीची गोळी मागताना ‘प्रोस्टेटचा त्रास आहे’ हे सांगा. वाफारा आणि साधे पॅरासिटामॉल चालते.

लघवी पूर्ण बंद झाली की घरी पाणी पिऊन वाट पाहू नका. त्याने दुखणे वाढते. सहा तासांत थेंब नाही आणि ओटीपोट दगडासारखे लागते, तर नळी घालूनच घ्यावी लागते. सोबत टॅमसुलोसिन किंवा अल्फुझोसिन चालू असेल तर दोन-तीन दिवसांनी सकाळी नळी काढून पाहतात. सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर दवाखाना उघडा असतो. नळी घातली तेव्हा एका वेळी किती मिली निघाली हा आकडा विचारून लिहून ठेवा. लिटरच्या वर असेल तर मूत्राशय बऱ्याच दिवसांपासून ताणलेले होते आणि गोळीच्या भरवशावर राहणे धोक्याचे; अशा वेळी मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन त्याच आठवड्यात करून घ्या.